पेपर निघाला; वाचला कोणी?

१९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. सांगलीत त्या बातमीवर जे बोलले गेले ते बरेचसे संतापाचे होते आणि ते साहजिकच होते, कारण विळीवर बोट कापले की चिमूटभर हळद दाबून धरायची, हे या गावात कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु पेटंट कार्यालयापुढे संताप हा पुरावा ठरत नाही आणि ‘आमची आजी हेच करीत असे’ हे म्हणणेही ठरत नाही. तेथे लिखित, आणि शक्यतो तारीखवार छापलेला, पुरावा लागतो. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, १९९६ मध्ये या पेटंटाला आव्हान दिले, तेव्हा जुन्या ग्रंथांतील उताऱ्यांच्या जोडीला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही सादर करण्यात आला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या प्रकरणाचे श्रेय आपण ग्रंथांना आणि परंपरेला भरभरून देतो. मला मात्र त्या १९५३ च्या लेखाचे अधिक अप्रूप वाटते. तो लिहिणाऱ्याला त्याचे बढतीसाठी गुण मिळणार नव्हते. इम्पॅक्ट फॅक्टर नावाचा, नियतकालिकातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा हवाला दिला ते मोजण्याचा, प्रकार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. कोणी तरी काही निरीक्षणे केली, ती लिहून काढली, नियतकालिकाने ती छापली, कोणत्या तरी ग्रंथालयाने तो अंक बांधून ठेवला आणि चार दशकांनी तो नेमका हवा तेव्हा सापडला. शोधनिबंध कशासाठी असतो, या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील, महाविद्यालयांत नोकरीच्या निमित्ताने माझे बरेच येणे-जाणे झाले आहे. तेथील स्टाफरूममध्ये शोधनिबंधाविषयी जे बोलणे होते त्यातला शब्दप्रयोग ठरलेला आहे: पेपर ‘टाकायचा’ असतो, तो ‘लागतो’ किंवा ‘निघतो’, आणि निघाल्यावर २०२५ पर्यंत पहिला प्रश्न येई तो ‘केअरमधला आहे का?’ हा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘केअर’ या मान्य नियतकालिकांच्या यादीतला आहे का. निबंधात काय सापडले, हे विचारणारा क्वचित भेटतो. याचा दोष मी माझ्या सहकाऱ्यांच्या माथी मारणार नाही. ज्याने एकदा करिअर अ‍ॅडव्हान्समेंटची, म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीची, आमच्या बोलीत ‘कॅस’ची, फाइल तयार केली आहे त्याला या प्रश्नाचे मूळ ठाऊक असते.

त्या फाइलमध्ये प्रत्येक निबंधासाठी काय लावतात ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स, अनुक्रमणिकेचे पान आणि त्यावर आपल्या नावाखाली पिवळ्या हायलायटरची रेघ, आयएसएसएन क्रमांक दिसेल असे एक पान आणि निबंधाचे पहिले पान. अनेक फाइलींत निबंध तेथेच संपतो. पद्धत, सारण्या, निष्कर्ष, संदर्भ यांपैकी काहीही लावलेले नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार मान्य नियतकालिकातील एका निबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि भाषा व मानव्यविद्यांमध्ये १० गुण मिळतात. ते गुण देण्यासाठी दुसरे पान उलटण्याची आवश्यकता नाही. आयएसएसएन हा तर गुणवत्तेचा शिक्का नव्हेच; तो नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकांचा क्रमांक आहे. तरीही आमच्याकडे अनेकांच्या डोळ्यांत तो हॉलमार्कसारखा चमकतो.

न वाचता मोजण्याची अशी व्यवस्था एकदा उभी राहिली, की न वाचता छापणारे आपोआप येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्राध्यापकांच्या गटांवर दर आठवड्याला एखादी जाहिरात येतेच: सर्व विषयांचे पेपर स्वीकारले जातील, तीन दिवसांत प्रसिद्धी, ई-सर्टिफिकेट मोफत. एका सहकाऱ्याने अशा एका नियतकालिकाकडून आलेला परीक्षकांचा अभिप्राय मला दाखवला होता. दोन परीक्षकांचा मिळून मजकूर दीड ओळीचा होता, त्यात काम चांगले असल्याचे आणि निबंध स्वीकारल्याचे म्हटले होते, आणि खाली बँकेच्या खात्याचा तपशील सविस्तर दिलेला होता. त्या तपशिलात मात्र एकही चूक नव्हती.

छापण्यापूर्वी जाणकाराला वाचायला द्यावे ही पद्धत आपण समजतो तितकी सनातन नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये सुरू केले, पण तेथे लेखी अभिप्राय मागवण्याची कल्पना रुजली ती १८३० नंतर, आणि पहिल्याच प्रयत्नात विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक या दोन परीक्षकांचे एकमत झाले नाही. एकाला निबंधाचे महत्त्व सांगायचे होते, तर दुसऱ्याला त्यातल्या चुका दाखवायच्या होत्या. हा वाद अजून मिटलेला नाही, हे दोन परीक्षकांचे परस्परविरोधी अभिप्राय हातात पडलेला कोणीही सांगेल. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने तर बाहेरच्या तज्ज्ञांचे परीक्षण १९७३ मध्ये सक्तीचे केले.

१९३६ मधील आइन्स्टाइन यांचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, अशा निष्कर्षाचा एक निबंध त्यांनी नेथन रोझेन यांच्याबरोबर ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे दिला आणि परीक्षकाने काही पाने भरून आक्षेप नोंदवले. आइन्स्टाइन चिडले. आम्ही निबंध छापायला पाठवला होता, छापण्याआधी तो कोणाला दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी तो मागे घेतला आणि दुसरीकडे दिला. मात्र दुसरीकडे तो प्रत्यक्ष छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता, कारण दरम्यान त्यांना चूक कळली होती. ती ज्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचली ते एच. पी. रॉबर्टसन हेच तो अनामिक परीक्षक होते, हे जगाला कितीतरी वर्षांनी समजले. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. नाव आइन्स्टाइन असले तरी ज्याने पाने वाचली त्याचे म्हणणे टिकले, आणि वाचणाऱ्याने त्याबद्दल काही मागितलेही नाही. आजही परीक्षकाला बहुधा मानधन नसते. त्याचे नाव छापले जात नाही आणि कॅसच्या फाइलमध्ये त्या कामाचे मोल जवळपास शून्य.

हे काम प्रत्यक्षात कसे असते ते एका उदाहरणाने सांगतो. परीक्षणासाठी आलेला मजकूर गोपनीय असतो, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाजारातील हळदीच्या नमुन्यांमधील कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे, प्रमाण मोजणारा एक निबंध माझ्याकडे आला. मोजमाप स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास केलेले होते. आता या तरंगलांबीच्या प्रकाशात हळदीतील कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे, म्हणजे डीमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडीमेथॉक्सीकर्क्युमिन, तिघेही प्रकाश शोषतात. म्हणजे मिळणारा आकडा तिघांच्या बेरजेचा. तो केवळ कर्क्युमिनचा मानून लेखकांनी इतरांच्या एचपीएलसीवरील, म्हणजे तिन्ही घटक वेगळे करून काढलेल्या, आकड्यांशी त्याची तुलना केली होती. हळद राजापुरी की सेलम, पॉलिश केलेली की बिनपॉलिशची, चालू हंगामाची की आदल्या वर्षीची, याचा उल्लेख कोठेही नव्हता. ‘स्थानिक बाजारातून घेतली’ एवढेच. सांगलीत ‘स्थानिक बाजार’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे होय. या मार्केट यार्डात कोठकोठची हळद येते, हे येथला हमालही सांगेल.

तरीही हे सारे सुधारता येण्यासारखे होते. मला खटकला तो शेवटचा रकाना. प्रत्येक नमुन्याची तीन वाचने घेतल्याचे लिहिले होते आणि त्यांतील फरकाचा आकडा वरपासून खालपर्यंत एकच, अगदी दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा. प्रयोगशाळेत ज्याने कधी तीनदा मोजले आहे त्याला ठाऊक असते की यंत्र इतके आज्ञाधारक नसते. एक्सेलमध्ये एक आकडा टाइप करून कोपऱ्याला धरून खाली ओढला की असा रकाना तयार होतो. मी आरोप केला नाही. परीक्षकाने तो करूही नये. कॅलिब्रेशनचा आलेख आणि मूळ वाचनांची नोंदवही मागितली, तिन्ही घटकांविषयीचा मुद्दा संदर्भांसह समजावून लिहिला आणि शीर्षकात ‘एकूण कर्क्युमिनॉइड’ असे म्हणावे, असे सुचवले. या सर्वाला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. पुढे संपादकांनी कळवले की लेखकांनी निबंध मागे घेतला आहे.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. काही महिन्यांनी हळदीवरचे संदर्भ शोधताना तोच निबंध दुसऱ्या एका नियतकालिकात दिसला. शीर्षक थोडे बदललेले, लेखकांच्या यादीत एका नावाची भर पडलेली, आणि तो शेवटचा रकाना जसाच्या तसा. मुखपृष्ठावर ‘पीअर रिव्ह्यूड’, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले, असे ठळक छापलेले होते आणि त्याखाली आयएसएसएन होता. गुणांच्या हिशेबात या निबंधात आणि एखाद्याने तीन वर्षे खपून केलेल्या कामात काही अंतर राहत नाही.

सच्चे परीक्षणही सर्वशक्तिमान नसते, हे कबूल केले पाहिजे. आमच्या यार्डातला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. परीक्षकाला ती सोय नाही. त्याच्यापुढे हळकुंडाचे वर्णन तेवढे येते. वर्णनातली विसंगती तो पकडू शकतो, पण सफाईने रचलेले खोटे त्याच्या हातून निसटू शकते. ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरील निबंध छापला, त्यावरून गोवराच्या लसीविषयी भीतीचे रान पेटले, आणि निबंध मागे घ्यायला २०१० साल उजाडले. त्याच ‘लॅन्सेट’ने मे २०२० मध्ये कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावरील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीचा निबंध छापला. मूळ माहिती तपासायला देण्यास सर्जिस्फिअर ही कंपनी तयार होईना, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत तो मागे घेतला गेला. दोन्ही वेळा चूक उघडकीस आली ती छापल्यानंतर चिकाटीने वाचणाऱ्यांमुळे. पहिल्या प्रकरणात तर तो वाचणारा ब्रायन डिअर नावाचा पत्रकार होता.

आपल्या हळदीचीही यातून सुटका नाही. कर्क्युमिन कर्करोगापासून विस्मृतीपर्यंत सर्वांवर गुणकारी असल्याचे सांगणारे निबंध हजारोंनी निघाले, आणि त्यांपैकी काही गाजलेले निबंध प्रतिमांमधील फेरफारामुळे मागे घ्यावे लागले. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये आलेल्या एका सविस्तर आढाव्याने सांगितले की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फारसा शोषला जात नाही आणि चाचण्यांमध्ये स्वतःच ढवळाढवळ करून फसवे सकारात्मक निकाल देतो, शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या, पण दुहेरी अंध पद्धतीची, म्हणजे खरे औषध कोणाला दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसते अशी, एकही यशस्वी ठरलेली नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही सर्वांनी पेढे खाल्ले. तो आढावा किती जणांनी वाचला, हे मी विचारले नाही, कारण उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने हातपाय हलवले नाहीत असे कोणी म्हणू नये. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, विद्यापीठांच्या शिफारशींतून तिच्यात काय काय शिरले ते बाहेर आले, आणि मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे एका फटक्यात वगळली गेली. पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशींतून आलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी करून ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही शिफारस कोण्या भामट्याने केलेली नव्हती, ती विद्यापीठांनी, म्हणजे आपणच केलेली होती. त्यानंतर २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली, हे मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आता नियतकालिक कसे पारखावे याचे सूचक निकष आहेत आणि पारखण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे. स्टाफरूममध्ये यावर हळहळ झाली. मला त्यात विशेष वाईट वाटले नाही. यादी होती तेव्हा तिच्यातील नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली होती आणि लोक तेथे पैसे भरून फसत होते. निबंध कोणी वाचणार नसेल, तर यादी कितीही चोख असली तरी तिची नक्कल करणारा निघणारच.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचीही तीच गत. २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘दहा टक्के चालते’ असा झाला, आणि मग वाक्ये उलटीपालटी करून देणारी यंत्रे आली. उचललेले शब्द सॉफ्टवेअरला सापडतात. उचललेली कल्पना आणि रचलेला आकडा त्याला दिसत नाही. आणि निबंधावरील लेखकांच्या नावांबद्दल काय बोलावे? दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के गुण, म्हणजे दोघांची बेरीज एकशे चाळीस. ज्याला अंकगणित येते त्याने ‘तुझ्यात माझे नाव, माझ्यात तुझे’ असा व्यवहार केला तर नियमाने त्याला वाटच दाखवलेली आहे.

आपल्या भागात वाचण्याची परंपरा नाही, असे मात्र नाही. वाईत मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभे राहिले. आज विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी उघडून पाहाव्यात: नव्या नोंदींच्या शेवटी संदर्भांच्या जवळच ‘समीक्षक’ असे लिहून तपासणाऱ्याचे नाव दिलेले असते. नोंद चुकली तर लेखकाबरोबर तोही उत्तरदायी. शोधनिबंधांच्या जगात परीक्षक अनामिक असावा की उघड, यावर पुष्कळ वाद आहे, आणि लहान गावातल्या कनिष्ठ अध्यापकाने विभागप्रमुखाच्या निबंधावर नावानिशी टीका करावी, ही अपेक्षा मलाही जड वाटते. विभागातल्या विभागात ते अशक्यप्रायच आहे. परंतु अमुक एका माणसाने हे वाचले आहे, एवढे तरी कागदावर यायला काय हरकत आहे?

केअर यादी बंद झाल्यावर आमच्या महाविद्यालयात निबंध पडताळण्यासाठी एक नमुना तयार झाला. आयएसएसएन तपासला का, संपादक मंडळाचे पत्ते खरे आहेत का, शुल्काची माहिती उघड आहे का, असे त्यातील सर्व प्रश्न नियतकालिकाविषयी होते. निबंधाविषयी एकही नव्हता. ‘हा निबंध समितीतील कोणी पूर्ण वाचला? नाव व सही’ असा एक रकाना वाढवावा, असे मी सुचवले. त्यावर आक्षेप आले आणि ते सारेच फोल नव्हते. वनस्पतिशास्त्राचा निबंध इतिहासाच्या माणसाने वाचून काय कळणार. वेळ कोठून आणायचा. उद्या निबंध बनावट निघाला तर सही करणारा अडकेल. शेवटच्या आक्षेपावर मी म्हणालो, की तो अडकावा यासाठीच सही आहे. प्राचार्यांनी तोडगा काढला आणि रकाना ऐच्छिक ठेवला.

तो पहिल्यांदा भरला मराठी विभागातील बाईंनी. सहीखाली त्यांनी लिहिले आहे की तिसऱ्या पानावर दिलेला उतारा सांगितलेल्या ग्रंथात त्या पृष्ठावर नाही, आधीच्या-नंतरच्या पृष्ठांवरही नाही. लेखकाकडून खुलासा मागवावा. समितीने तो अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.